अंबडच्या केसपेपरवरचे कोटी कोटी

८,६०० कोटी! माणसाच्या एका मेंदूत एवढ्या चेतापेशी असतात. नुसता वाचून हा आकडा पचत नाही, म्हणून आपण तो मोंढ्यात नेऊन मापून बघू. ज्वारीच्या हजार दाण्यांचं वजन साधारण ३० ग्रॅम भरतं. एका पेशीला एक दाणा असा हिशोब लावला तर ज्वारी होते २५,८०० क्विंटल. मालगाडीचे बेचाळीस बंद डबे, म्हणजे धान्याची पुरी एक रेक, जालना स्टेशनात उभी करा आणि भरत सुटा. शेवटचा डबा भरत येईल तेव्हा कुठे एका माणसाच्या पेशींइतके दाणे होतील. आणि हा सगळा ऐवज मावतो कशात? दीड किलोही न भरणाऱ्या एका मऊ गोळ्यात, जो आपण हेल्मेट न घालता अंबड-जालना रस्त्यावरून घेऊन फिरतो.

हेच दाणे मोजायला बसलात तर? सेकंदाला एक दाणा, ना जेवण, ना झोप. २,७०० वर्षं लागतील. गोदाकाठी पैठणला सातवाहनांची राजधानी वसायच्या आधी, गौतम बुद्धांच्या जन्माच्याही आधी कुणी मोजायला बसलं असतं, तर ते आत्ता कुठे उठलं असतं.

पेशींच्या आपसातल्या जोडण्या तर अजून मोजायच्याच आहेत. ढोबळ अंदाज आहे एक कोटी कोटींचा. म्हणजे एक कोटीला पुन्हा एक कोटीने गुणायचं. दर जोडणीमागे एक रुपया द्यायचा म्हटलं तर १०० लाख कोटी रुपये लागतील. देशाचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ५०.६५ लाख कोटींचं होतं. सैन्य, रेल्वे, रस्ते, रेशन, पगार, पेन्शन असा सगळा खर्च दोन वर्षं थांबवून ती अख्खी रक्कम एकाच माणसाच्या डोक्यावरून ओवाळून टाकली, तर हिशोब जेमतेम पुरा होतो.

विशीतल्या तरुणाच्या मेंदूतले आवरण असलेले तंतू एकापुढे एक जोडले तर १,७६,००० किलोमीटर लांबी होते. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा. रोज एक फेरी केली तरी तीन वर्षं उलटून जातील आणि तंतू उरेलच. भारतीय रेल्वेचा काश्मीर ते कन्याकुमारी पसरलेला सगळा मार्ग सुमारे ६९,००० किलोमीटरचा. तुमच्या कवटीत तसे अडीच संसार आहेत.

या संसाराला पाणी घालायला रक्त लागतं मिनिटाला पाऊण लिटर. दिवसाला १,०८० लिटर. मराठवाड्यात टँकरचं मोल कुणाला सांगायला नको: बारा हजार लिटरचा टँकर मेंदूला अकरा दिवस पुरतो. वर्षाचं रक्त साठवायचं ठरवलं तर पंचवीस फूट व्यासाची विहीर अठ्ठावीस फुटांपर्यंत भरेल. दरवर्षी एक विहीर. सत्तरी गाठलेल्या आजोबांच्या मेंदूतून सत्तर विहिरी वाहून गेलेल्या असतात, आणि त्यात एका मिनिटाचा खंड पडलेला चालत नाही.

एका मिनिटाची किंमत मोजलेली आहे. पक्षाघातात मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली आणि उपचार झाले नाहीत, तर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या होती १९,५९,०४६. म्हणजे परतूर ते भोकरदन, मंठा ते अंबड, सगळा जिल्हा एका मिनिटात! त्याच मिनिटात बारा किलोमीटर तंतू जातात. साडेबारा मिनिटांत मुंबई-पुणे संपलं. अपघातातल्या माराचं गणित इतकं सरळ नाही, कारण मार जागोजागी वेगळा बसतो. पण घड्याळ तिथेही तेवढ्याच निष्ठुरपणे चालतं.

आता किती जणांना मार लागतो ते बघू. जगात दरवर्षी सुमारे ६ कोटी ९० लाख लोकांच्या मेंदूला इजा होते, असा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. दर सेकंदाला दोन. दीड हजार प्रवाशांनी भरलेली एक्स्प्रेस डोळ्यांपुढे आणा. अशा ४६,००० गाड्या वर्षभरात सुटतील, दर साडेअकरा मिनिटांना एक, रात्रंदिवस, दिवाळीलाही सुट्टी न घेता. प्रत्येकाचा एकच कागद करायचा ठरवला आणि ते कागद एकावर एक रचले, तर ढीग चढेल ६,९०० मीटर. कळसूबाईवर कळसूबाई, तिच्यावर कळसूबाई, तिच्यावर आणखी एक, तरी वर थोडे कागद उरतातच.

आपल्या घरचे आकडे जास्त बोचतात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. दर तीन मिनिटांना एक. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४, म्हणजे दर साडेचौतीस मिनिटांना एक. डेक्कन क्वीन पुण्याहून निघून मुंबईला लागेपर्यंत राज्यात पाच घरांत रडारड झालेली असते. त्याच वर्षी देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दगावले. वानखेडे स्टेडियम दीड वेळा भरेल एवढे.

अंबड हे मत्स्योदरी देवीच्या टेकडीपाशी वसलेलं तालुक्याचं गाव. इथून एक रस्ता जालन्याला जातो, एक पाचोडकडे, एक वडीगोद्रीवरून शहागडच्या गोदावरी पुलाकडे. ऊस सुरू झाला की अंकुशनगरच्या कारखान्याच्या दिशेने दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, आणि त्यांच्यामधून मोटारसायकली. डोक्याला जबर मार लागला तर माणूस आधी गावातल्या सरकारी दवाखान्यात, तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर जालन्याला, आणि तिथूनही पुढे रेफर झाला तर छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात. तीन दवाखाने, तीन केसपेपर, तीन हस्ताक्षरं.

कुठल्याही तालुक्याच्या कॅज्युअल्टीत दिसणारी ओळ अशी असते: ‘पु. ३२, मोटारसायकल स्लिप, डोक्याला मार, बेशुद्ध, उलटी ++, रेफर.’ रात्री अडीच वाजता, बाहेर नातेवाइकांचा गलका चालू असताना, एका हाताने टाके घालत ती लिहिलेली असते. लिहिणाऱ्याबद्दल मला आदरच आहे. पण पुढच्या दवाखान्यात तोच माणूस ‘ड्राउझी’ होतो, तिसऱ्या ठिकाणी ‘अल्टर्ड’, आणि पोलीस केसच्या, म्हणजे एमएलसीच्या, रजिस्टरात ‘शुद्धीवर नाही’. कुठे उलटी नोंदली जाते, कुठे राहून जाते. अपघाताची वेळ कुठे ‘सायंकाळी’, कुठे ‘अंदाजे आठ’, कुठे कोरी जागा.

यातून गोंधळ किती होतो? चला, गुणाकार करू. दहा रकाने धरा आणि प्रत्येक रकान्यातली तीच गोष्ट लिहायच्या तीनच तऱ्हा धरा. एकाच माणसाची नोंद ५९,०४९ प्रकारांनी होऊ शकते! माणूस तोच, जखम तीच, रात्र तीच.

उलट रकाने ठरवून दिले तर आकड्यांची ताकद बघा. फक्त हो किंवा नाही असं उत्तर असलेले वीस प्रश्न घ्या. १०,४८,५७६ वेगवेगळे रुग्ण त्यांतून ओळखता येतात. तीस प्रश्न घेतले तर १०७ कोटींच्या वर. एकतीस घेतले तर २१४ कोटी, म्हणजे अख्खा भारत मागे पडला. तेहतीस प्रश्नांना ८५८ कोटींहून जास्त, म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला इतरांपेक्षा वेगळा असा एक फॉर्म, आणि वर थोडे शिल्लक. तेहतीस टिचक्या! एका पानावर मावतात. फक्त तो फॉर्म अंबडला, घाटीत आणि मुंबईत एकच असायला हवा.

मेंदूच्या इजेसाठी अशी एक मोजपट्टी पन्नास वर्षांपूर्वीच सापडली आहे. १९७४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ती मांडली आणि आज आपल्याकडच्या डॉक्टर-सिस्टरांच्या तोंडी ती ‘जीसीएस’ म्हणून रुळली आहे. डोळे उघडतो का, याला १ ते ४ गुण. बोलतो कसा, याला १ ते ५. हातपाय हलवतो कसे, याला १ ते ६. ना यंत्र लागतं, ना वीज, ना नेटवर्क. आवाज द्यायचा, दाबून बघायचं, आणि तीन आकडे लिहायचे. चार पाचा वीस, वीस सख वीसाशे: रुग्णाच्या १२० अवस्था त्यात बसतात. त्यात डोळ्यांच्या बाहुल्या टॉर्चच्या उजेडाला आक्रसतात का, याची तीन उत्तरं जोडा: दोन्ही, एक, एकही नाही. झाल्या ३६० अवस्था. मिनिटभराचं काम.

इथेच लोक एक घाई करतात. तिन्ही आकड्यांची बेरीज करून फक्त ‘जीसीएस ९’ एवढंच लिहितात. बेरीज ३ पासून १५ पर्यंत, म्हणजे तेराच शक्यता उरल्या. १२० चा ऐवज तेरावर आला! आणि ९ हा आकडा तर भलताच फसवा आहे, कारण तो अठरा वेगवेगळ्या तऱ्हांनी तयार होतो. एक रुग्ण टोचल्यावरच डोळे उघडतो, नुसता कण्हतो, पण दुखावलेल्या जागेकडे हात बरोबर नेतो: २, २, ५. दुसरा टक्क डोळे उघडे ठेवून आहे, गोंधळलेलं का होईना वाक्य बोलतो, पण हातपाय जरासुद्धा हलत नाहीत: ४, ४, १. दोघेही नऊ. पहिल्याच्या डोक्याची काळजी करायची, दुसऱ्याचा मानेचा मणका आधी तपासायचा. एका बेरजेने दोघांना एकाच नावाने हाक मारली.

एकसारख्या नोंदीने काय घडतं, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत थरारक उदाहरण म्हणजे ‘क्रॅश’ ही चाचणी. डोक्याला मार लागला की सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायची, असं जगभरात तीसेक वर्षं चालू होतं. चांगल्या हेतूने, चांगल्या डॉक्टरांकडून. मग १९९९ पासून ४९ देशांतल्या २३९ रुग्णालयांनी एकाच पद्धतीने नोंदी करायला घेतल्या. वयाचा रकाना तोच, वेळेचा तोच, जीसीएसचा तोच, बाहुल्यांचा तोच, आणि प्रश्न सुटसुटीत. वीस हजार रुग्ण गाठायचे होते. २००४ च्या मे महिन्यात १०,००८ वर काम थांबवावं लागलं. का? स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी दोन आठवड्यांत १,०५२ जण दगावले होते, न मिळालेल्यांपैकी ८९३. शेकडा २१.१ विरुद्ध १७.९.

शंभरात तीन. एवढासा फरक! वर्षाला असे शंभर रुग्ण बघणाऱ्या एखाद्या निष्णात सर्जनलाही तो दिसणं शक्य नाही. यंदा एकवीस गेले, गेल्या साली अठरा. तो म्हणणार, नशीब. त्याला एकट्याने दहा हजारांची नोंद करायची तर शंभर वर्षं ऑपरेशन थिएटरात उभं राहावं लागलं असतं. दोनशे एकोणचाळीस रुग्णालयांनी ते पाच वर्षांत केलं. आणि शंभरात नेमके ३.२ म्हणजे लाखात किती? ३,२००. चव्वेचाळीस आसनांच्या एसटीच्या बहात्तर गाड्या भरून माणसं, दर लाखामागे. जालन्याच्या बसस्थानकातून बहात्तर एसट्या एकामागे एक बाहेर पडताना बघा. त्या थांबवल्या कुणी? एका छोट्या फॉर्मने.

त्याच चाचणीतला आणखी एक आकडा मला त्याहून जास्त भावतो. सहा महिन्यांनी त्या रुग्णांची विचारपूस करायची ठरली, तेव्हा १०,००८ पैकी ९,६७३ जणांची माहिती मिळाली. ४९ देश, नाना भाषा, गल्ल्या, वाड्या, खेडी, आणि शंभरातले जवळपास सत्त्याण्णव सापडले! आपल्याकडे डिस्चार्ज झालेला रुग्ण महिन्याभरात पुन्हा शोधायचा म्हटलं तर काय होतं, ते ज्याने शोधलंय त्यालाच माहीत.

पुढे ‘क्रॅश’च्याच मंडळींनी ‘क्रॅश-३’ केली. १२,७३७ रुग्ण, २९ देश, १७५ रुग्णालयं. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड हे जुनं औषध मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं, तर सौम्य आणि मध्यम इजेच्या रुग्णांत डोक्याच्या मारामुळे होणारे मृत्यू सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१९ साली कळलं. तीन तासांच्या आत! म्हणजे सगळा खेळ त्या एका रकान्यावर आला: अपघात किती वाजता झाला. तिथे ‘सायंकाळी’ लिहिलेलं असेल तर तीन तास मोजायचे कुठून?

आपल्याकडे अशी एकसारखी नोंद जमणार नाही असं कुणी म्हणालं तर त्याला मुंबईचा दाखला द्यावा. २०१३ ते २०१५ या काळात मुंबईतली सायन आणि केईएम, कोलकात्याचं एसएसकेएम आणि दिल्लीचं एम्सचं ट्रॉमा सेंटर या चार सरकारी रुग्णालयांनी मिळून ‘टिटको’ नावाची नोंदवही चालवली. खाटा कमी, गर्दी उदंड, आणि तरीही सुमारे १६,००० जखमींची नोंद सारख्याच रकान्यांत झाली. युक्ती साधी होती. प्रत्येक रुग्णालयात नोंदीचं काम करणारा वेगळा, शिकलेला माणूस नेमला. तो आठ तासांच्या पाळ्यांत, कधी सकाळी, कधी दुपारी, कधी रात्री कॅज्युअल्टीत उभा राहायचा. टाके घालणाऱ्याचे हात टाके घालायला मोकळे, लिहिणाऱ्याचे लिहायला. मला वाटतं, सगळ्या गोष्टीत शिकण्यासारखं हेच आहे. डॉक्टरच्या डोक्यावर आणखी एक फॉर्म लादून नोंद सुधारत नाही, त्याला माणूस लागतो, आणि त्या माणसाला पगार लागतो.

युरोपात आणि अमेरिकेत याच दशकात मोठ्या याद्या झाल्या. अमेरिकेने २०१० साली मेंदूच्या इजेसाठी समान रकान्यांची यादी काढली. युरोपातल्या मोहिमेत १८ देशांनी मिळून ४,५०९ रुग्णांची बारकाईने नोंद केली. अशा नोंदीत किती आकडे जमतात, ते कळायला नुसत्या निरीक्षणाचं गणित करून बघू. सावध झालेल्या रुग्णाला पहिले दोन तास अर्ध्या तासाने, पुढचे चार तास तासाने, मग दर दोन तासांनी बघायचं, असा इंग्लंडमधला शिरस्ता आहे. चोवीस तासांत सतरा वेळा. दर वेळी जीसीएसचे तीन आणि बाहुल्यांचे दोन, असे पाच आकडे. रुग्णामागे ८५. जगातल्या ६ कोटी ९० लाखांसाठी एका वर्षात ५८६ कोटी आकडे! सेकंदाला एक या वेगाने ते वाचायला १८६ वर्षं लागतील. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली १८५३ साली. तिची शिट्टी वाजायच्या आधीपासून वाचायला बसलेला माणूस आता कुठे शेवटच्या पानावर आला असता. आणि हा हिशोब फक्त पहिल्या दिवसाचा.

रकाने आपल्या दारापर्यंतही येऊ लागले आहेत. अपघातांच्या नोंदीसाठी आयआयटी मद्रास आणि केंद्र सरकारच्या एनआयसीने बांधलेली ‘आयरॅड’ ही व्यवस्था सुरुवातीला ज्या सहा राज्यांत आली, त्यांत महाराष्ट्र होता. पोलीस जागेवरून मोबाइलवर माहिती आणि फोटो भरतात, त्या अपघाताला स्वतःचा क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक आरोग्य आणि रस्ते खात्यांनाही दिसतो. २०१४ पासून १०८ च्या ९३७ रुग्णवाहिका राज्यात धावू लागल्या. आणि २०२१ पासून ‘आभा’ हा प्रत्येकाचा आरोग्य-ओळख क्रमांक आला, चौदा अंकी. चौदा अंकांतून किती क्रमांक तयार होतात? १०० लाख कोटी. एक कोटी कोटी! एका मेंदूत जेवढ्या जोडण्या, जवळपास तेवढेच क्रमांक. दीडशे कोटींच्या आतल्या देशाला ते पिढ्यान्‌पिढ्या पुरतील. त्या क्रमांकाला तीन केसपेपर जोडले गेले, आणि तिन्हींवर रकाने सारखे असले, तर अंबडच्या रात्री अडीचच्या रुग्णाची गणती दहा हजारांत होईल, लाखात होईल, आणि पुढच्या एखाद्या चुकीच्या इंजेक्शनाच्या बहात्तर एसट्या स्थानकातच थांबतील.

त्यासाठी सरकारची वाट बघायची गरज नसलेली एक गोष्ट तुमच्या-माझ्या हातात आहे. रस्त्यात कुणी डोक्यावर पडलेला दिसला तर १०८ फिरवताना आधी घड्याळ बघा आणि वेळ लक्षात ठेवा. दवाखान्यात ‘आठच्या सुमारास’ म्हणू नका, ‘सात चाळीस’ म्हणा. पुढे रेफर होत असेल तर चिठ्ठीवर डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागा, बाहुल्यांची नोंद मागा, तपासल्याची वेळ मागा, आणि त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अंबडहून घाटी सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे, आणि तेवढ्या वाटेत कागद हरवतात.